देवीच्या दुधाचं कुंड

कुंडातलं पाणी फसफसलं की गर्दीतून एकच आरोळी उठायची, "आली! आई आली!" पाण्यातून वाफा निघायच्या, पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं आणि बायकांनी वरून हळद टाकली की तिचं बघता बघता कुंकू व्हायचं. एकाच खड्ड्यात तीन चमत्कार म्हटल्यावर घरी कोण बसणार? अठ्ठ्याण्णव साली पिंपळगाव बसवंतहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, एका ओढ्याकाठी हे कुंड उगवलं. सोबत झरेबाबाही उगवला. दोघांत आधी कोण उगवलं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवतो. माझी थोरली बहीण यशोदा पिंपळगावाजवळ मळ्यात राहते. आक्काला कित्येक वर्षांची शुगर. तळपाय पार बधिर झालेले. चालता चालता चप्पल निसटायची आणि ही तशीच पुढे जायची. मागून कुणीतरी चप्पल हातात घेऊन यायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पायाला गरम पाणी लावायचं नाही. भाजलेलं कळणार नाही आणि झालेली जखम भरणार नाही.

आणि दाजींचा फोन आला, "मास्तर, मंगळवारी समदे गरम कुंडाला निघालोय. आक्काचे पाय बुडवून आणू. तुम्ही पण चला." मी तडक पिंपळगाव गाठलं.

अंगणात बेत रंगात आला होता. टेम्पोतले द्राक्षांचे क्रेट उतरवून सतरंज्या घालायच्या होत्या. शेजारच्या तानुबाईंनी भाकरी-ठेच्याची वाटणी करून टाकली होती. आक्काने ठेवणीतली साडी उन्हात टाकली होती.

"आक्का, तुला गरम पाणी चालत नाही," मी म्हणालो.

"ते साधं पाणी नाय रे. आईचं दूध हाय."

"कुणी सांगितलं?"

"गोरख, पायाखाली माती कशी लागती तेच इसरले बघ मी. येकदा लागू दे. येकदाच."

मी प्रयोगच करून दाखवायचं ठरवलं. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण फवारतात, त्याला मोरचूद लागतो आणि कळीचा चुना लागतो. दाजी दर हंगामात ड्रममध्ये चुना विझवतात. त्यांच्याच शेडमधून मी चुन्याचे खडे आणले, बादलीत टाकले आणि सगळ्यांना लांब उभं करून पाणी ओतलं. पाणी फसफसलं. वाफा निघाल्या. बादली पांढरी झाली. तानुबाईंकडून चिमूटभर हळद घेऊन टाकली, ती लालभडक झाली.

"बघा," मी म्हणालो. "चुना विझताना पाणी तापतं आणि हळदीला चुना लागला की ती लाल होते. तुमच्या कुंडातही हेच चाललंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलो. मग दाजी म्हणाले, "मास्तर, ह्ये काय आम्हाला ठाव नाय? दर साली हात पोळून घेतो आम्ही. पण हितं चुना हाय. तिथं देवी हाय."

"तिथेही चुनाच आहे."

"बघितला तुम्ही?"

बघितला नव्हता. तेवढ्यात तानुबाईंनी पुढे होऊन बादलीतल्या लाल पाण्याला नमस्कार केला.

गरम पाणीच बघायचं तर वज्रेश्वरीला नेतो, म्हणालो. तिथे जमिनीच्या पोटातून खरंखुरं गरम पाणी येतं. पण आक्काने पाय मात्र बुडवायचे नाहीत. "नुसतं बघायला येवढ्या लांब कशाला मरायचं?" आक्का म्हणाली. मंगळवारी टेम्पोत तिच्या शेजारी बसून गेलो. दुसरं काय करणार होतो?

कुंडाकाठच्या छोट्या देवळापुढे झरेबाबा गळ्यात माळांचं ओझं घालून ओरडत होता, "ज्याच्या अंगी पाप, त्याला ताप! ज्याच्या पदरी पुण्य, त्याला गारवा!" म्हणजे पाणी पोळलं तरी बाबा खरा आणि नाही पोळलं तरी बाबाच खरा. मध्येच "आई न्हातीये" म्हणून कुंडाभोवती पडदा ओढला जायचा आणि तो उघडला की पाणी फसफसत असायचं. मी मागच्या बाजूने पडद्याआड घुसलो. तिथे कळीच्या चुन्याची पोती उभी होती. एक खडा उचलून मी गर्दीसमोर धरला.

"हा बघा! चुना आहे चुना!"

बाबा जराही गडबडला नाही. "देऊळ रंगवायला आणलाय, मास्तर. आईनं काय मळक्या भिंतीत ऱ्हायचं?" लोक खदाखदा हसले. दाजीही हसले.

तोवर पडदा उघडला होता. लोक पाय बुडवून "हाय हाय" करत बाहेर पळत होते. आक्का काठावर बसून होती. दोन्ही पाय त्या पांढऱ्या पाण्यात, चेहरा शांत.

"बघा रे बघा!" बाबा ओरडला. "पुण्यवान माउली! हिला चटकाच नाय!"

"अहो, तिचे पाय बधिर आहेत!" मी ओरडत धावलो. दोघातिघांनी मला धरून मागे ओढलं. दाजी हात जोडून रडत होते. बायका आक्काला हळद-कुंकू लावत होत्या. लहानपणापासून मी तिला पाहत आलोय, इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती. त्या आनंदाचा मला अजूनही संताप येतो.

भाजलेल्या जखमा चिघळत गेल्या आणि नाशिकच्या दवाखान्यात तिचा उजवा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. डावा कसाबसा वाचला.

"गोरख," ती पडल्या पडल्या म्हणाली, "भाजलं असतं तर मी उठले नसते का? येवढ्या लोकांत मला येकलीलाच भाजलं नाय."

"आक्का, भाजलं. तुला कळलं नाही."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी तानुबाई नारळ घेऊन भेटायला आल्या आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी आक्काच्या उरलेल्या पायावर डोकं टेकवलं.

बाबाविरुद्ध तक्रार द्यायला दाजी तयार झाले नाहीत. कुंडाला टेम्पो चालूच आहेत. पुढचा तुमच्या दारातून सुटेल, म्हणून हात जोडून सांगतो. देव मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पाण्यात पाय घालण्याआधी हळद टाकून बघा. ती लाल झाली तर हात जोडू नका, मागे व्हा आणि सोबतच्या माणसालाही मागे ओढा. शेडमध्ये ज्याला चुना म्हणता, त्याला देवळातही चुनाच म्हणा.