शॉकअप टाईट ठेव

गतिरोधक आला की काकासाहेब मोटारसायकल थांबवायचे, बायडाबाई खाली उतरायच्या, उंचवटा पायी ओलांडायच्या आणि पलीकडं जाऊन पुन्हा मागं बसायच्या. नगर-कल्याण रोडवरच्या त्यांच्या गावापासून भिंगारपर्यंत सगळी वाट अशीच गेली. एका टपरीवरच्या पोरांनी विचारलंसुद्धा, "आजी, आजोबांशी भांडण झालंय का?" बायडाबाईंना हसू आलं नाही. दणका बसला की कमरेत अशी कळ उठे, की डोळ्यांपुढं अंधारी येई.

नगरच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं होतं, मणक्यांची थोडी झीज आहे. दिवाळीपर्यंत कळ राहिली तर ऑपरेशनचं बघू. तेव्हापासून बायडाबाईंनी मोटारसायकलवर बसणं सोडलं आणि त्याबरोबर चांगुणाकडं जाणंही सुटलं. चांगुणा त्यांची धाकटी बहीण, पारनेरच्या पलीकडं वस्तीवर राहणारी. लकवा झाल्यापासून तिची जीभ जड झालेली. फोनवर तिचं एक अक्षरही कळत नसे. समोर बसून हात हातात घेतला, की बायडाबाईंना सगळं कळे. वस्तीपर्यंत एसटी नव्हती. तिला येता येत नव्हतं, आणि यांना आता जाता येत नव्हतं.

चांगुणाचं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड बैलगाडीनं गेलं होतं. वडिलांनी गाडीत हातभर पेंढा पसरला, वर दोन गोधड्या टाकून बायकांना बसवलं आणि स्वतः पुढं नुसत्या लाकडावर बसले. पुढं गाडीवाटा गेल्या, डांबरी रस्ते आले, दारात मोटारसायकल आली. मागं बसणारीनं दणके खायचेच असतात, असं बायडाबाईंनी मानून घेतलं.

भिंगारचा अमृत मिस्त्री सीटही बांधायचा आणि चाकाचे दणके झेलणारे शॉकअपही बदलून द्यायचा. काकासाहेबांनी हा शेवटचा उपाय काढला होता, म्हणून आज त्या पुन्हा मागं बसून आल्या होत्या. "आजी, रोज बसता तशा बसा," अमृत म्हणाला. बायडाबाई एका अंगाला पाय सोडून बसल्या. जुन्या सीटचा फोम त्याच बाजूला दबून उताराला लागला होता. अमृतनं नवा जाड फोम घातला, मागचा भाग रुंद आणि सपाट केला, वर रेक्झिन ताणून बसवलं. मग नवे शॉकअप हातात घेतले.

"एकदम टाईट ठेव," काकासाहेब म्हणाले. "मागं ओझं असतंय."

बायडाबाई गॅरेजात पहिल्यांदाच आल्या होत्या. "कसलं ओझं?"

"दुधाचं. दोन्हीकडं भरलेले कॅन."

"कुठलं दूध? म्हशी इकल्याला किती वर्सं झाली?"

काकासाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सवय पडली गं. गाडी बदलली तरी मी हेच सांगत आलो."

अमृतनं काढून ठेवलेला जुना शॉकअप उचलून दाखवला. स्प्रिंगखालची कडी शेवटच्या, सगळ्यात टाईट खाचेत होती. "काका, दुधाच्या वजनाला हे ठीक. आजींच्या वजनानं स्प्रिंग हलणार पण न्हाई. सगळा दणका कमरेला."

"म्हंजे इतकी वर्सं मी कॅनच्या जागी बसले."

"मग तवाच सांगायचं."

"सांगत हुते की. तुमी म्हणायचा, रस्ता खराब हाय."

अमृत तोंड फिरवून हसला आणि त्यानं नव्या शॉकअपच्या कड्या सैल बाजूला फिरवून ठेवल्या.

परतीच्या वाटेवर पहिल्या गतिरोधकाशी काकासाहेबांनी वेग कमी केला. "उतरतीस?"

"नको. हळू घ्या."

सीट खाली गेली, वर आली. बायडाबाई त्यांचा खांदा घट्ट धरून कळेची वाट बघत राहिल्या. कळ आली नाही. दुसरा गतिरोधक गेला, मग उखडलेला रस्ता गेला. कमरेत किंचित ठणकत होतं, पण ते शेतात निंदून आल्यावर ठणकावं तेवढंच. झीज असेल थोडी, त्यांना वाटलं. पण आपण मोडलेलो नाही. खांद्यावरची पकड आपोआप सैल झाली. कितीतरी दिवसांनी त्यांनी आजूबाजूची शेतं बघितली.

गावचा फाटा आला. काकासाहेबांनी इंडिकेटर लावला.

"वळू नका."

"का गं, दुखतंय?"

"न्हाई. चांगुणाकडं चला."

"आत्ता? न सांगता?"

"सांगायचं कुणाला, तिला फोनवर बोलता येतंय व्हय?"

काकासाहेबांनी इंडिकेटर बंद केला.

वस्तीवर चांगुणा लिंबाखाली बाजेवर बसली होती. ताईला गाडीवरून उतरताना बघून तिनं उठायची धडपड केली आणि काहीतरी भराभर बोलली.

"काय म्हणतीय?" काकासाहेबांनी विचारलं.

बायडाबाईंनी बहिणीचा हात हातात घेतला. "म्हणतीय, एवढा उशीर का लावला."

मग त्या बाजेवर तिच्या शेजारी टेकल्या आणि नवऱ्याकडं बोट करून म्हणाल्या, "यांना इचार."