पोलिसांकडचा फोटो

"बेन, बेसो ने! साहेब सही करशे एटले बोलावीश," टेबलामागचा गुजराती कारकून पुन्हा एकदा म्हणाला. सुंदरा बाकावर टेकली आणि लगेच उठली.

पोलीस कचेरीच्या त्या बोळात पंखा नव्हता. आतलं दार वाजलं की ती तिकडं बघायची. साहेब जेवायला उठले तर? सही राहिली तर?

लिंबायतला राहत असताना चाळीमागच्या गटारात दारूचे डबे सापडले होते. नळावर दिसेल ती बाई पोलिसांनी गाडीत घातली. त्यात सुंदराही होती. कोर्टानं तिला निर्दोष सोडलं, पण पोलिसांच्या यादीनं सोडलं नाही. कुठंही धाड पडली की जीप आधी तिच्या दारात. घर बदलून डिंडोलीला आली, तर जीप तिथंही आली. घरमालकीण मालतीबाई अमरावतीकडची. तिनं मागच्या महिन्यात तोंडावरच सांगितलं, "आता पुन्हा गाडी दिसली, त खोली खाली करजो बाई. माह्याही घरात लग्नाच्या पोरी हायेत."

तेव्हापासून सुंदराला घास गिळवत नव्हता. यादीतून नाव काढायला वकील, ठाणं, ही कचेरी, नुसते खेटे चालले होते.

अखेर कारकुनानं हाक मारली. तिच्या बोटांचे ठसे असलेला कागद त्यानं तिला दाखवला आणि फाडला.

"और बारीक करो," सुंदरा म्हणाली.

त्यानं तुकड्यांचे आणखी तुकडे केले. "गांधीनगरना कॉम्प्युटरमांथी पण नाम नीकळी जशे. कागळ मोकल्यो छे."

"पक्का निकलेगा?"

"मोकल्यो छे, बेन," कागद पाठवलाय, एवढंच तो म्हणाला.

मग त्यानं पाकिटातून फोटो काढला. फाडायला दोन्ही हातांत धरला, तेव्हा सुंदराची नजर त्यावर गेली.

"रुको!"

फोटोत ती होती. केस विस्कटलेले, छातीशी नाव-नंबराची पाटी. आणि पाटीच्या काठावर एक इवलीशी मूठ, घट्ट आवळलेली. बाकीचं लेकरू फोटोच्या बाहेर राहिलं होतं. तिचा लखन. धरपकडीच्या वेळी तो तिच्या कडेवर होता, अजून उभंही राहता येत नव्हतं त्याला. महिला पोलीस त्याला बाजूला ओढत होती आणि तो पाटी सोडत नव्हता. त्याच पावसाळ्यात तो तापानं गेला. बारशाला त्याचा फोटो काढायचा राहिला, मग दिवाळीला काढू असं ठरलं. दिवाळीपर्यंत तो राहिलाच नाही.

"ये मेरेको दो," ती म्हणाली.

"आनो तो नाश करवानो छे, बेन."

"मेरे लडके का हाथ है. वो नहीं रहा."

कारकुनानं फोटो डोळ्यांजवळ नेला. मग तो उठून आत गेला. सुंदरा टेबलाची कड धरून उभी राहिली.

तो परत आला. "साहेब कहे छे, लई जाओ. कायदामां छे, नाश करो अथवा पाछो आपो." त्यानं निगेटिव्हसकट फोटो तिच्या हातात ठेवला.

फाटकाबाहेर तिचा नवरा दगा येरझाऱ्या घालत होता. पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमधली पाळी संपवून तो थेट इकडं आला होता.

"फाडं का समदं?"

"ठसा फाडात. हाऊ फोटू मी लई उनू," ती फोटो पुढं करत म्हणाली.

दगा भडकला. "येडी व्हयनी का? ह्यानासाठे येवढी वणवण करी, आन् आते घरमां ठेवशी? मालतीबाईनं देखं तं?"

"तुम्ही देखा तरी."

"काय देखू? जाळी टाक!"

"मूठ देखा. लखननी शे."

दगानं पाहिलं. मागून रिक्षावाला भोंगा वाजवत होता, तरी तो रस्त्यातून हलला नाही. मग अगदी हळू म्हणाला, "पाटी तेवढी कापी लेऊ. स्टुडिओवाला कापी दी."

"मंग तो काय धरी?"

दगाच्या बोटांना मिलमधला हिरवा रंग होता. बोटं शर्टाला पुसून त्यानं फोटो कडेनं धरला आणि वरच्या खिशात ठेवला. डिंडोलीची रिक्षा मिळाली. आत दाटीवाटी होती, खड्ड्यांतून सगळे एकमेकांवर आदळत होते. दगानं मात्र खिशावरचा हात काढून दांडी धरली नाही.