रुख्मिणीबाईंची बुधवारची फेरी

लोणारच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत आजाऱ्यांच्या भेटीला एकट्यानं जायचं नाही, असा दंडक होता. प्रभूनं शिष्यांना दोघं दोघं पाठवलं, तिथं आपण कोण लागून गेलो? सगळ्यांत जुनी जोडी जानराव शिंपी आणि अंगणवाडीतून रिटायर झालेल्या रुख्मिणीबाई यांची. जानराव प्रार्थना करायचे, बाई ‘आमेन’च्या आधीच तिच्यातल्या चुका काढायच्या. असं वर्षानुवर्षं चाललं.

पोळ्याच्या सुमारास रुख्मिणीबाई वारल्या. जानरावांनी स्वतःच्या हातानं माती दिली. आणि पुढच्या बुधवारी बाई नेहमीसारख्या एसटी स्टँडवर हजर.

दिसत नव्हत्या, एवढाच फरक. पण त्यांच्या निलगिरी तेलाचा वास होता, आणि खिडकीशी बसायला गेलेल्या जानरावांना बरगडीत कोपर बसलं. खिडकी बाईंची. जानराव मुकाट्यानं अलीकडं सरकले.

“बाबा, तिकडं सरका ना, माणूस बसू द्या,” कंडक्टर म्हणाला.

“बाई बसल्या हायेत तिथं.”

कंडक्टरनं रिकाम्या जागेवर हात ठेवला, झटक्यात काढून घेतला आणि दुसरबीड येईस्तोवर तो हात काखेत धरून उभा राहिला.

दुसरबीडला मंडळीत नव्यानंच आलेले निवृत्तीबुवा अंथरुणाला खिळलेले. त्यांची सून छकुली दोन कप चहा ठेवायची आणि दोन्ही कप रिकामे व्हायचे. पहिल्यांदा ती किंचाळली. दुसऱ्यांदा म्हणाली, “मेल्यावरबी चहा सुटत नाई काही लोकायचा!” तिसऱ्यांदा तिनं साखर कमी टाकली.

मंडळीचे नवे पाळक तरुण होते, नगरकडचे. त्यांनी जानरावांना बोलावून घेतलं. “काका, तुम्हाला नवा जोडीदार देतो. सहदेवभाऊ तयार आहेत.”

“जागा खाली नाई ना साहेब.”

पाळकांनी नियम चाळले. गाव सोडलं तर नाव कमी होतं, श्रद्धा सोडली तरी होतं. मेलं तर काय, याबद्दल नियम गप्प. तेवढ्यात ऑफिसात निलगिरीचा वास सुटला. पाळकांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

जानरावांनी खरं कारण सांगितलंच नव्हतं. नवा जोडीदार आला की बाई मोकळ्या होणार, आणि मेलेली माणसं जातात तिकडं निघून जाणार. मग आपल्याला टोकणारं ह्या जगात कोण उरलं?

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी निवृत्तीबुवांचा श्वास लागला होता. त्यांनी जानरावांचा हात धरला.

“जानराव, मराचं भेव नाई मले. एकट्यानं जायाचं भेव हाय. मी कवाच कुठं एकटा गेलो नाई. लग्नानंतर सासरवाडीलेबी भावाले घेऊन गेल्तो.”

“काऊन असं बोलता? प्रभू हाय ना संगं.”

“हाय ना. पण त्याची-माही वळख नवीन हाय. वळखीचं कोनी पाह्यजे.”

जानरावांनी प्रार्थना सुरू केली. घाबरून पहिल्याच वाक्यात चुकले आणि सवयीनं थांबले. कोणी टोकलं नाही. डोळे उघडले तर निलगिरीचा वास त्यांच्या बाजूनं उठून खाटेच्या पलीकडं गेला होता, निवृत्तीबुवांच्या उशाशी. दुसऱ्या कपातला चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

बाई जानरावांच्या होकारासाठी थांबल्या होत्या. जोडी सोडून त्या कधी न सांगता गेल्या नव्हत्या. जानराव गप्प बसले असते तर त्या परत आल्या असत्या; पुढच्या बुधवारी, त्याच्या पुढच्याही. जानरावांनी तो सायीचा कप आपल्याकडं ओढून धरला.

मग ते म्हणाले, “जा बाई तुम्ही. त्याईच्या संगं जायले कोनी नाई. मी येतो मांगून.”

निवृत्तीबुवा खाटेवर जरा सरकले, बाजूला जागा केली. “या बाई, बसा. पन ह्या तेलाचं काहीतरी करा बुवा,” एवढं बोलून ते गेले.

छकुलीनं हंबरडा फोडला. जानरावांनी प्रार्थना पहिल्यापासून म्हटली, चुकत चुकत, शेवटपर्यंत. घरात फक्त फिनेलचा वास येत होता.

मग घरापुढच्या ओट्यावर येऊन त्यांनी फोन लावला.

“पाळकसाहेब, सहदेवले पाठवा.” त्यांनी शेजारची रिकामी जागा हातानं चाचपली. “लवकर पाठवा. मी इथं एकटाच हावो.”