सरव्याला इंग्रजीत काय म्हणतात

"उगंच आलाव. ह्या रानात चिमणीचं पोट भरंना, अन् आपण पोती घेऊन बसलाव," धुरपताबाई शेजारच्या सरजाबाईच्या कानाशी कुरकुरली. ते बांधावरच्या सगळ्या बायांना ऐकू गेलं.

निलंग्याजवळच्या किशनरावच्या रानात ज्वारीची काढणी उरकत आली होती. शेवटची पेंढी गाडीत चढल्याशिवाय मागं राहिलेली कणसं, म्हणजे सरवा, वेचायला कुणी उतरायचं नाही, ही रीत. औंदाच्या दुष्काळात सरजाबाईच्या घरची चूल ह्या सरव्यावरच चालायची होती.

तिची लेक सिंधु मांडीवर डिक्शनरी घेऊन बसलेली. लातूर नवा जिल्हा झालेला, तिथल्या कचेरीत तिची मुलाखत होती.

"आई, सरवा वेचण्याला इंग्रजीत शब्द हाय. ग्लीन."

"एवढ्याशा कामाला येगळा शब्द?"

"हाव. फ्रेंचातून आलाय, त्याच्याआधी लॅटिनमधून. त्याच्याबी आधी कुठल्या तरी जुन्या बोलीत असंल म्हणतेत."

सरजाबाईनं पोतं बाजूला सारलं. "म्हंजे गोऱ्या बायाबी वाकायच्या?"

"वाकायच्या की. रानात एक पेंढी मुद्दाम उभी ठेवायचे. ती हलल्याबिगर आत जायचं न्हाई. तिला पोलीस म्हणायचे."

"आपल्याकडं पोलीसच पेंढी घिऊन जातेत," धुरपताबाई म्हणाली, आणि बांध हसला.

"आता ह्यो शब्द माहितीसाठीबी वापरतेत. इथून थोडी, तिथून थोडी वेचली, की ग्लीन केली म्हणायचं."

"मग तू लहानपणापासून तेच करायलीस," सरजाबाई म्हणाली.

सिंधुनं आईच्या धसकटांनी चिरलेल्या बोटांकडं पाहिलं. शाळेत ती हे काम लपवायची. आणि हा शब्द एवढे मुलूख पालथे घालून, कुठंही न लाजता आला होता. तिला आधी शब्दाचं कौतुक वाटलं, मग आईचं.

गाडी हलली. बाया उठल्या आणि जागच्या जागी थबकल्या. रानात किशनरावची बायको केवळाबाई, पदर कपाळावर ओढून, एकेक कणीस वेचत होती. मालकिणीनंच सरवा वेचला, तर बायांनी रिकामं परतायचं. धुरपताबाई पोत्याची गाठ न्याहाळू लागली. बाकीच्यांना बांधालगतच्या कोरड्या विहिरीत एकाएकी बघण्यासारखं काहीतरी सापडलं.

सरजाबाई तेवढी खाली उतरली.

"मालकीणबाई, एकटीनं कंबर धरंल. तुम्ही वढ्याची कड घ्या, आम्ही बांधाकडून येताव."

केवळाबाई उभी राहिली. ओटीत मूठभर कणसं होती. ती त्या कणसांकडंच बघत म्हणाली, "सरजाबाई, औंदा आमच्याबी घरात दाणा न्हाई."