क्लबची पहिली होडी

आमच्या खारी गावचा ग्रामीण नौकाविहार व मासेमारी क्लब नव्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर स्थापन झाला. तिथून खाडी छान दिसते आणि वास येत नाही. सभेला अकरा जण होते, त्यातले नऊ पदाधिकारी झाले. खाडीत जाळं टाकणारा गावातला शेवटचा माणूस म्हणजे माझे बाबा, कोंडिराम. ते माघात गेले होते. तेव्हा त्यांना श्रद्धांजली वाहून कामकाज सुरू झालं.

क्लबकडे टोप्या होत्या, बोधचिन्ह होतं, होडी नव्हती. अध्यक्ष उदयसाहेब घरी येऊन बाबांची होडी मागू लागले. मी एकच अट घातली: ती पाण्यावर चालली पाहिजे. शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या गेटावर एक बैलगाडी आहे, तिच्यात झेंडू लावलेत. तसं होऊ द्यायचं नव्हतं.

बाबा गेल्यापासून होडी काठावर कोरडी पडली होती. क्लबने तिला आणखी दोन महिने ताडपत्रीखाली जपलं, मग निळा रंग दिला. मी सांगायला गेले की लाकूड आक्रसून फळ्यांत फटी पडल्यात, दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, फुगलं की फटी मिटतील. बाबा म्हणायचे, "होरीला आधी पानी पाजाचा, मंग बसाचा."

उदयसाहेब हसले. "मॅडम, उद्घाटनाआधीच बुडवायची?"

इतिवृत्तात नोंद झाली: कै. कोंडिराम यांच्या कन्येच्या भावना लक्षात घेण्यात आल्या.

शुक्रवारी सकाळी नारळ फुटला. लाइफ जॅकेट घालून सात जण बसले. अध्यक्षांचं भाषण काठावर संपलं नव्हतं, ते होडीत चालू राहिलं. पाणी आधी बुटांत शिरलं, मग मांडीवर चढलं. ते पर्यटनाच्या मुद्द्यावर आले तेव्हा होडी तळाला टेकली. खाडी तिथे कमरेएवढीच आहे. सगळे चालत बाहेर आले. टोप्या मात्र तरंगल्या.

दुपारी ग्रुपवर निरोप आला. होडी निकामी असून सोमवारी क्रेनने उचलून टॉवरच्या गेटावरच्या बागेत ठेवण्यात येईल. फुलझाडांची निवड सचिव रुचिताताईंकडे. माझी अट परिस्थितीनुसार शिथिल.

मी काठावर जाऊन बसले. बाबांची बहीण, शेवंतीआत्या, शेजारी येऊन टेकली.

"रडतस कनाला गो? पानी पितेय ती. पिऊ दे."

मी रडत नव्हते.

त्या दिवशी ओहोटीला होडीतलं पाणी फटींतून धारा लागून वाहून गेलं. भरतीला ती पुन्हा बुडाली. शनिवारी धारांचे थेंब झाले. रविवारी खाडी ओसरली, पण होडीतलं पाणी होडीतच राहिलं. बाबांचा पोचा पडलेला डालड्याचा डबा घेऊन मी ते उपसून काढलं आणि भरतीची वाट पाहिली. ती चिखलातून सुटली तेव्हा आत्याने फक्त मान डोलावली.

सोमवारी क्रेन आली तेव्हा मी होडी घेऊन मधल्या पाण्यात होते. उदयसाहेब काठावरून बराच वेळ हातवारे करत होते. ही क्लबची मालमत्ता आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी होडी काठाजवळ आणली.

"क्लबचीच आहे," मी म्हटलं. "या, बसा."

त्यांनी बुटांकडे पाहिलं, मग होडीच्या तळाकडे. तळाशी बाबांचा डबा होता, कोरडा.