मण्याची एकादशी

सेतुराम डोळे मिटून विठ्ठलाला आळवू लागला की ऐकणारी माणसं रडतात. माझं मात्र टाळकं फिरतं. मी त्याची शेजारीण, मधे भिंत एकच, त्या घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही ते मला पक्कं ठाऊक.

त्यांचा कुत्रा मणी उन्हाळ्यापासून वाळत चालला होता. गोठ्याची राखण करणारं जनावर, आता भिंतीला टेकून उभं राहायचं. सेतुराम आल्यागेल्याला सांगायचा, आमचा मणी एकादशी करतो. लोक कुत्र्याला हात जोडायचे. एकदा मीही जोडले, त्याची अजून लाज वाटते. एकादशीला त्या घरी तांदूळ चुलीवर चढत नाही, आणि मण्याचं खाणं म्हणजे उरलेला ताकभात. म्हणून त्या दिवशी मण्यापुढे नुसतं पाणी. सेतुरामापुढे मात्र इकडे दक्षिणेत उपासाला चालणारा रव्याचा उपमा, केळी, आटीव दूध. शनिवारी रात्रीही भात वर्ज्य, म्हणून तेच, अमावास्येच्या रात्रीही तेच. उपास कुत्र्याला घडायचा आणि मिरवायचा हा.

शेवटी त्याची बायको विशालाक्षी मण्याला ऑटोत घालून कुंभकोणम्‌ला जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. मी सोबत होते. वजन भरलं अकरा किलो, हवं होतं अठरा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, जंताचं औषध दिलं आणि म्हणाले, आजार काही नाही, हा उपाशी आहे. दिवसातून तीनदा थोडं थोडं द्या, भातात उकडलेलं अंडं कुस्करून, जमलं तर कोंबडी. तूप, मीठ, मसाला नको.

सेतुराम ऐकून हसला. अंडं, आणि या घरात? वजनच वाढवायचं ना, म्हणून त्याने तुपात थबथबलेला मिरीचा पोंगल, म्हणजे तांदूळ-मुगाची मऊ खिचडी, स्वतः केळीच्या पानावर वाढला. मण्याने पान चाटून पुसून टाकलं. पुढे दोन दिवस जुलाब आणि ओकाऱ्या. विशालाक्षी गोणपाटं धुऊन धुऊन थकली. मणी होता त्याहून खंगला. सेतुराम म्हणाला, त्याचं प्रारब्ध.

त्यानंतर विशालाक्षीने गोठ्यामागे तीन विटा मांडल्या, त्यांवर कान तुटलेलं पातेलं ठेवलं. बाजारातून येताना तिच्या पिशवीत फुलांखाली अंडी असायची. महिन्याभरात मण्याच्या बरगड्या बुजत आल्या आणि तो पुन्हा भुंकू लागला. सेतुराम सांगत सुटला, हा नामाचा प्रताप. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण मी तिच्यासाठी गप्प राहिले.

पुढच्या एकादशीला मरुदानल्लूरची भजनी मंडळी ओट्यावर बसली होती. सेतुरामाने मण्याला बोलावून त्याचं व्रत सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात विशालाक्षी परात घेऊन आली आणि सगळ्यांसमोर मण्यापुढे ठेवली. वाफाळता भात, वर दोन अंडी कुस्करलेली.

“हें काय करतीस?” सेतुराम म्हणाला.

“त्यास जेवण घालतें.”

“एकादशीस? भात, वर अंडीं? हें कुत्रं आज बाहेर जाईल, नाहीं तर मी जातों.”

“उपास तुम्हीं धरिला. त्यास कोणी पुसलं कां?” ती म्हणाली. “जायचें तर जा. उपमा बांधून देतें.”

मण्याने परात लखलखीत केली. सेतुराम खांद्यावर उपरणं टाकून गोविंदपुरम्‌ला भावाकडे निघून गेला.

द्वादशीचं पारणं सकाळी लवकर फेडावं लागतं. भावजय म्हणाली, माझा स्वयंपाक दहाच्या आत होत नाही. आठ वाजता सेतुराम परत आला, पाय धुऊन मुकाट्याने पाटावर बसला. मीही मुद्दाम विरजण मागायला गेले.

विशालाक्षीने भात उतरवला आणि परात घेऊन त्याच्यासमोरून परसात गेली.

“थांबा,” ती म्हणाली. “आधीं त्याचें होऊं दे.”

सेतुराम रिकाम्या पानापुढे बसून राहिला. आणि मणी आता पूर्वीसारखा हपापून खात नाही, चांगला सावकाश खातो.