सातव्या पात्याची चीर

वर्ष संपायला सतरा दिवस उरले असताना मोठ्या बोगद्याच्या पंख्याला चीर गेली.

हा बोगदा गाड्यांचा नव्हे, वाऱ्याचा. विमान-संशोधनाच्या त्या सरकारी संस्थेत सगळ्यात मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, तो चाळीस वर्षं आडवा पडून होता. एका टोकाला बारा लाकडी पात्यांचा पंखा. तो फिरला की आत वारा सुटायचा, त्या वाऱ्यात विमानाचं छोटं मॉडेल बसवायचं आणि खरं विमान हवेत कसं वागेल ते बाजूच्या खोलीत बसून मोजायचं. ही सगळी जबाबदारी ज्या बाईंकडे होती त्यांना लोक पाठीमागे वाराबाई म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागले आणि बाईंनी ते मनावर घेतलं नाही.

चीर वाराबाईंनाच सापडली. नेहमीच्या तपासणीला त्या टॉर्च घेऊन आत शिरल्या, एकेका पात्यावर बोटाच्या पेरांनी टकटक करत गेल्या. सहा पाती खणखणीत बोलली. सातवं बद्द वाजलं, तडा गेलेल्या मडक्यासारखं. बुंध्यापाशी केसाएवढी रेघ होती. नख घातलं तर नख आत गेलं.

बाईंनी खडूने त्या रेघेभोवती गोल काढला.

तीस तारखेला वरून पाहणी समिती यायची होती. बोगदा ठेवायचा की मोडीत काढायचा, हे ती ठरवणार होती. संचालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पंखा फिरता दिसला तर बोगदा राहील." आणि नवीन पातं करून घ्यायचं तर आठ महिने. बोगद्यावर एक्केचाळीस माणसं होती, त्यातली निम्मी कंत्राटी. शिवाय एक शेपटी अडकून पडली होती. शिकाऊ वैमानिकांच्या लहान विमानाची शेपटी. गेल्या वर्षी ते विमान गिरक्या घेत खाली आलं, सावरलंच नाही, दोघं गेले. बाईंनी शेपटीचा आकार बदलून मॉडेल करून ठेवलं होतं. तपासायला फक्त वारा हवा होता.

ते पातं दुरुस्त करू शकेल असा एकच माणूस होता. बाराही पाती ज्याने घडवली तो मिस्त्री. निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती. बाई त्याच दिवशी त्याच्या घरी गेल्या.

मिस्त्रींनी दार उघडलं ते हातात फणी घेऊनच. आत खुर्चीवर त्यांची बायको बसली होती. सगळे तिला काकू म्हणत. केस मोकळे, नजर भिंतीवर.

"या बाई. बसा. चार वाजले की हिची वेणी असते. तेवढी घालू द्या."

बाईंनी वेणी होईपर्यंत कळ काढली, मग सगळं सांगितलं. मिस्त्री ऐकत होते. चिरीची लांबी विचारली, खोली विचारली. डोळ्यांत क्षणभर जुनी चमक आली, आणि मग त्यांनी मान हलवली.

"मी येत नाही, बाई. हिला एकटीला सोडून मी भाजी आणायलासुद्धा जात नाही. परवा कचरा टाकायला खाली उतरलो, तेवढ्यात हिने गॅसचं बटण फिरवून ठेवलं. काडी न लावता."

"मिस्त्री, दुसरं कुणी नाही हो."

"हिलाही दुसरं कुणी नाही. मुलांची नावं गेली, बहिणीचं गेलं. मी कोण एवढं अजून लक्षात आहे. तेही सकाळी विचारावं लागतं."

बाईंनी हात जोडले. आयुष्यात त्यांनी कुणापुढे हात जोडले नव्हते, त्यामुळे ते नीट जुळलेही नाहीत. काकूंनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, ही का रडतेय? तिचं काम करून टाका ना."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी कॅन्टीनमध्ये उभं राहून ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. बोलायची सवय नव्हती. आवाज फाटला. मग पोळ्या लाटणाऱ्या मावशी आतून पदराला हात पुसत आल्या. "त्यात काय एवढं? मी बसते की. माझ्या सासूचं चार वर्षं केलंय मी. सकाळची पाळी माझी."

"दुपारी मी," संस्थेचा ड्रायव्हर म्हणाला. "साहेबांना सोडून आलो की मला तसंही झाडाखाली माश्याच मारायच्या असतात."

ग्रंथपाल मुलीने तिथल्या तिथे पुठ्ठ्यावर तक्ता आखला. अकरा नावं लागली. संचालकांनीही एक बुधवार घेतला. त्या बुधवारी नेमकी त्यांची मीटिंग निघाली ती गोष्ट वेगळी.

मिस्त्री आले, पण अट घालून. "चार वाजता मी घरी. वेणी मीच घालणार."

सातवं पातं उतरवून सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं. पुरुषभर उंचीचं लाकूड, थरावर थर चिकटवून केलेलं. मिस्त्रींची नजर अधू झाली होती, ते अंगठ्याने बघत. अंगठा लाकडावरून सरकवत नेत आणि मधेच थांबून म्हणत, "इथवर गेलीय." वरून दिसायची त्याच्या तिप्पट चीर आत होती. तेवढा भाग लांब उताराने तासून काढायचा, त्याच उताराचा नवा तुकडा करायचा, आणि सरस लावून तो असा बसवायचा की वाऱ्याला सांधा कळू नये. पटाशीने एक पापुद्रा काढला की हात फिरवायचा, मग दुसरा. घाई केली की लाकूड सूड घेतं, असं ते म्हणत.

पहिले दोन दिवस ते चारला घरी पोचले. तिसऱ्या दिवशी साडेपाच वाजले. चौथ्या दिवशी सहा. नवा तुकडा दोनदा कमी पडला आणि तिसऱ्यांदा करावा लागला. "वेणी मावशींनी पुन्हा येऊन घातली," असा निरोप येई. मिस्त्री मान हलवत आणि पुन्हा पटाशी उचलत. बाई सगळं बघत होत्या. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की मिस्त्री, चार वाजले.

दहाव्या दिवशी सकाळी ग्रंथपाल मुलगी बाईंच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. वर्षअखेरचं संस्थेचं वार्तापत्र तीच काढायची. हातात छपाईला जायचे कागद होते.

"मॅडम, हे संचालकांच्या खोलीतून आलंय. शेवटच्या पानासाठी. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

चार ओळी होत्या. मोठा वारा-बोगदा दीर्घ सेवेनंतर या वर्षअखेर कृतज्ञतापूर्वक बंद करण्यात येत आहे. कर्मचाऱ्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा.

बाई कागद घेऊन तशाच संचालकांकडे गेल्या.

"हे कधी ठरलं?"

संचालकांनी चष्मा काढला. "नोव्हेंबरात."

"मग समिती कशाला येतेय?"

"पाहणी झाल्याशिवाय फाइल पुरी होत नाही, बाई. तुम्हाला काय नवीन सांगायचं?"

"मला सांगितलं का नाही? त्या म्हाताऱ्याला दहा दिवस मी..."

"सगळे इतक्या उत्साहाने लागले होते," संचालक म्हणाले. त्यांचा आवाज खरंच मऊ होता. "वर्षाच्या शेवटी माणसांना एकमेकांसाठी काहीतरी करताना बघणं... मला मोडवेना."

"वीज कधीपर्यंत आहे?"

"एकतीसपर्यंत. पाचला जोड काढतील."

बाई बाहेर आल्या. कार्यशाळेपर्यंत चालत जायला दोन मिनिटं लागतात, त्यांना किती लागली कुणास ठाऊक. सांगावं की न सांगावं? न सांगितलं तर काम पुरं होणार होतं. सांगितलं तर निदान आजपासून तो माणूस चारला घरी जाणार होता. त्या दारातून आत शिरल्या तेव्हाही त्यांचं ठरलेलं नव्हतं. पण मिस्त्रींनी वर पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?" आणि बाईंनी सांगून टाकलं.

मिस्त्रींच्या हातात सरसाचं भांडं होतं. ते तसंच धरून ते उभे राहिले.

"आत्ताच कालवलाय," ते म्हणाले. "अर्ध्या तासात दगड होईल. बाई, तुम्ही अर्धा तास आधी यायला हवं होतं, नाहीतर अर्धा तास नंतर."

"टाकून द्या. घरी जा, मिस्त्री. मी गाडी सांगते."

"हिचे दहा दिवस घेतलेत तुम्ही माझ्याकडून."

"हो."

"परत देता येतील?"

मिस्त्रींनी पात्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "त्या शेपटीचं काय?"

"एक दिवस वारा मिळाला तर थोडे आकडे मिळतील."

"थोडे म्हणजे?"

"निम्मे. सगळे नाही."

"निम्म्यावर कुणी शेपटी बदलेल?"

"माहीत नाही. खोटं कशाला बोलू?"

मिस्त्रींनी ब्रश भांड्यात बुडवला. "सांधा आवळायचे शिकंजे धरा त्या बाजूने. आणि रडायचं असेल तर लांब उभ्या राहा, सरसात पाणी चालत नाही."

त्या दिवशी ते सात वाजता घरी पोचले.

तीस तारखेला समिती आली. अर्धवट रंगवलेलं पातं बघून एका सदस्याने "वा" म्हटलं. चहा झाला, सह्या झाल्या, समिती गेली. तोवर बातमी सगळ्यांपर्यंत पोचली होती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एक्केचाळीस माणसं हजर होती, आणि सकाळची पाळी दुसरीला देऊन, कुणी न बोलावता मावशीही.

पातं चढवलं. समोरच्या पात्याशी वजन जुळवलं. आठ वाजून दहा मिनिटांनी पंखा फिरला. आधी सावकाश, मग पाती दिसेनाशी झाली आणि जमिनीतून तो जुना घुमणारा आवाज यायला लागला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मिस्त्री भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभे होते, सातव्याचा आवाज वेगळा येतो का ते ऐकत. येत नव्हता.

छत्तीस कोनांत शेपटी तपासायची होती. दर कोनाला वारा स्थिर व्हायची वाट बघायची, आकडे टिपायचे, मॉडेल किंचित वळवायचं. जेवायला कुणी उठलं नाही. चार वाजता सोळा कोन झाले होते. बाईंनी वेळ वाचवायला दर कोनाला दोनदा आकडे घेण्याऐवजी एकदाच घ्यायला सुरुवात केली. पाच वाजता वीजवाला आला.

"मॅडम, हुकूम आहे."

"एकोणिसावा चालू आहे. एवढा होऊ द्या."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग घड्याळ बाहीखाली सरकवलं. अर्धा तास तो तसाच उभा राहिला. एकोणिसावा झाला, विसावा झाला. मग त्याने खटका ओढला. पंखा थांबायला चार मिनिटं लागली आणि त्या चार मिनिटांत कुणीही कुणाकडे पाहिलं नाही.

ड्रायव्हरने मिस्त्रींना घरी सोडलं. बाई सोबत गेल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी दुपारपासून संस्थेतल्या लेखनिकाची बायको काकूंपाशी बसली होती. काकू तिच्याशी मजेत बोलत होत्या. दारात मिस्त्री दिसताच त्यांनी पदर सावरला.

"कोण हवंय?"

"अगं, मी."

"हे घरी नाहीत. कामावर गेलेत. आता येतीलच, बसा बाहेर."

मिस्त्रींनी फणी शोधली, ती होती त्याच जागी होती. ते जवळ गेले तशा काकू आक्रसल्या, लेखनिकाच्या बायकोचा हात घट्ट धरून ओरडल्या, "अहो, परक्या माणसाने असं अंगाला हात लावायचा का?"

मिस्त्रींनी फणी खाली ठेवली. "बरं," ते म्हणाले. "ते आले की सांगा, मी येऊन गेलो." आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. बाई त्यांच्या शेजारी बसल्या. माफी मागायला तोंड उघडलं, पण मिस्त्रींनी नुसता हात वर केला.

वार्तापत्र निघालं. पहिल्या पानावर संचालकांचा लेख होता, "आपली संस्था, आपलं कुटुंब," आणि त्यात काकूंजवळ पाळीपाळीने बसणाऱ्या अकरा जणांचं भरभरून कौतुक. बोगद्याच्या चार ओळी शेवटच्या पानावर. ग्रंथपाल मुलीने त्या चार ओळींखाली न विचारता एक्केचाळीस नावं छापली आणि त्यासाठी मेमो खाल्ला. कंत्राटी माणसं जानेवारीत पांगली. बाईंची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, परवान्यांच्या कार्यालयात झाली. वीस कोनांचा अहवाल त्यांनी तीन ठिकाणी पाठवला. एका ठिकाणाहून पोच आली.

मावशी मात्र सकाळच्या यायच्या थांबल्या नाहीत. जानेवारीत ड्रायव्हरला एक युक्ती सुचली. तो मिस्त्रींना हत्यारांच्या पिशवीसकट सकाळी बाहेर काढी, आणि संध्याकाळी पुन्हा दाराशी आणून सोडी. मिस्त्री कडी वाजवून म्हणत, "आलो गं." त्या महिन्यात तीनदा काकूंनी दार उघडून त्यांच्या हातातली पिशवी घेतली, उशीर का झाला म्हणून रागावल्याही. फेब्रुवारीत एकदा. त्यानंतर नाही.

अकरा नावांतली आता चार उरली आहेत. गुरुवार वाराबाईंचा असतो. दोन बस बदलून त्या येतात, काकूंना भरवतात, वेणी घालतात. मिस्त्री खिडकीशी बसून असतात, कारण जवळ आले की काकू घाबरतात.

"तुमचे हे आले नाहीत का अजून?" परवा काकूंनी बाईंनाच विचारलं, जणू वाट बघणाऱ्या बाईच.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. मिस्त्री बाहेर बघत होते.

"येतील," खिडकीशी बसूनच ते म्हणाले. "आज काम जास्त आहे."